भिंतीपासून वीतभर

घरात मोठे मत्स्यालय ठेवायचे ठरले की पहिला प्रश्न माशांचा नसतो, भिंतीचा असतो. 'कुठल्या भिंतीला लावायचे?' असे विचारणारा माणूस मनातल्या मनात धरून चालतो की टाकीचा थोडाफार भार भिंतही घेणार आहे. भिंतीला लावणे, भिंतीला टेकवणे, भिंतीच्या आधाराने ठेवणे ही आपल्या भाषेतली रूपेच तसा भरवसा देतात. चांगदेवाला सामोरी गेलेली भिंत लहानपणापासून ऐकत आलेल्या आपल्या समाजाच्या भिंतींकडून जरा जास्तच अपेक्षा असाव्यात. वस्तुतः टाकीचा कणभरही भार भिंतीवर पडत नाही. तो सगळा जमिनीवर पडतो, आणि तिसऱ्या मजल्यावर राहणाऱ्यांची जमीन म्हणजे दुसऱ्या मजल्यावरच्या कुटुंबाचे छत असते.

आम्ही दोघे मराठीचे अध्यापक. दोघांची महाविद्यालये वेगळी, अभ्यासक्रम एक, आणि घरातली पुस्तके सामाईक. काँक्रीटचे वजन, पाण्याचा दाब, तुळयांच्या जागा हा आमचा प्रांत नव्हे. पण २०२१ साली नानांना अर्धांगाचा झटका आला आणि त्या वर्षाच्या अखेरीस हा सारा विषय आम्हाला धडा घेतल्यासारखा शिकावा लागला. नाना म्हणजे आमच्यापैकी एकाचे वडील आणि दुसऱ्याचे सासरे. उभे आयुष्य पाटबंधारे खात्यात गेलेले. त्यातली बरीच वर्षे नीरा डाव्या कालव्यावर कालवा निरीक्षक म्हणून. उजवा हात आणि उजवा पाय गेला, तो काही अंशी परत आला. भाषेचे तसे झाले नाही. क्रियापदे टिकली, नामे गेली. 'ते दे', 'तिकडे ठेव', 'तो आला का' एवढ्यावर दिवस चालू लागला. आमची नावेही त्यांना आठवत नसत. आकडे मात्र जसेच्या तसे शाबूत होते.

वाचोपचार करणाऱ्या बाईंनी सुचवले, की त्यांच्या नजरेसमोर हलते, बदलते असे काहीतरी ठेवा; ज्याबद्दल बोलावेसे वाटेल असे. दूरदर्शन संच नको, कारण तो स्वतःच बोलतो. नानांना विचारले तेव्हा ते बराच वेळ शब्द शोधत राहिले आणि शेवटी म्हणाले, "पाणी." त्यातून मत्स्यालय आले. चार फूट लांब, दीड फूट रुंद, दोन फूट उंच. एवढी मोठी टाकी कशासाठी, हा प्रश्न रास्त होता. त्याचे उत्तर असे, की लहान टाकीतले पाणी लवकर बिघडते. साठा मोठा असेल तर तापमान आणि घाण दोन्ही सावकाश बदलतात आणि सांभाळणाऱ्याला सावरायला वेळ मिळतो. शिवाय गोल्डफिश घाण फार करतो. सहा मासे ठेवायचे तर त्यांना जागा हवी.

आकार सांगितल्याबरोबर नानांनी डाव्या हाताची बोटे मोजली आणि म्हणाले, "बारा घनफूट." मग थोड्या वेळाने, "तीनशे चाळीस." एक घनफूट म्हणजे २८.३ लिटर, बारा घनफुटांचे सुमारे ३४० लिटर, आणि पाणी असल्यामुळे तेवढेच किलो. टीएमसीच्या हिशेबात हयात गेलेल्या माणसाला बारा घनफूट म्हणजे काहीच नव्हे. पण आम्हाला तो आकडा ऐकून पहिल्यांदा जाणवले, की आपण घरात शोभेची वस्तू आणत नसून छोटे धरण बांधत आहोत. पाणी काठापर्यंत भरत नाहीत हे खरे, पण त्याची भरपाई तळातली खडी करते. दहा मिलिमीटर जाडीच्या काचेचे पासष्ट किलो आणि लोखंडी बैठकीचे पन्नास-साठ किलो धरले तर सारा भार साडेचारशे किलोंच्या पुढे जातो. म्हणजे सहा-सात माणसे सहा चौरस फुटांत, दिवसरात्र, पाय न हलवता उभी.

सोसायटीच्या ओळखीतले एक स्थापत्य अभियंते इमारतीचा नकाशा घेऊन आले. त्यांनी आम्हाला भारतीय मानक ८७५ च्या १९८७ सालच्या दुसऱ्या भागाविषयी सांगितले. इमारतीच्या कोणत्या खोलीने किती भार सोसावा हे त्यात ठरवलेले आहे. राहत्या घराच्या खोलीसाठी तो दर चौरस मीटरला दोन किलोन्यूटन, म्हणजे ढोबळ मानाने दोनशे किलो. दोन फूट उंचीचे नुसते पाणीच दर चौरस मीटरला सहाशे किलोंवर भरते. म्हणजे तिप्पट. आमचे चेहरे पाहून ते हसले. दोनशे किलोंचा आकडा खोलीभर सारखा पसरलेला धरतात. आमच्या दिवाणखान्याच्या एकशेचाळीस चौरस फुटांत त्याचा हिशेब अडीच हजार किलोंच्या पुढे जातो. तेव्हा साडेचारशे किलोंनी खोली लगेच खचत नाही. प्रश्न ते एका ठिकाणी किती एकवटतात आणि ते ठिकाण कोणते, याचा असतो. स्लॅबच्या मधोमध ठेवलेले वजन त्याला जितके वाकवू पाहते, तितके बीमजवळ ठेवलेले वाकवत नाही. आपल्याकडच्या काँक्रीटच्या सांगाड्यात खोल्यांच्या मधल्या भिंती सहसा भार वाहत नाहीत. त्या नुसता आडोसा असतात. पण पुष्कळदा त्यांच्याखालून बीम गेलेला असतो. मत्स्यालय भिंतीजवळ ठेवायचे ते भिंतीसाठी नव्हे, तिच्याखालच्या, न दिसणाऱ्या बीमसाठी. जुन्या वाड्यातल्या कडीपाटाच्या माडीवरही हेच तत्त्व: वजन भिंतीलगत आणि कड्यांना आडवे ठेवावे, म्हणजे ते एकाच कडीवर न पडता चार-पाच कड्यांवर वाटले जाते.

याच नकाशाने आमची सर्वांत आवडती जागा बाद केली. पूर्वीच्या मालकांनी गॅलरी काचा लावून दिवाणखान्यात घेतलेली आहे. तिथे उजेड आहे, वारा आहे, समोर गुलमोहर आहे. घरी येणारा प्रत्येक जण 'टाकी इथेच शोभेल' असे सांगत असे. पण गॅलरी म्हणजे एकाच बाजूने धरलेला, हवेत पुढे आलेला स्लॅब. मोठे वजन ठेवायला घरातली सर्वांत वाईट जागा तीच. आणि उजेडाचा लाभही फसवा असतो. थेट ऊन लागणाऱ्या टाकीत पंधरवड्यात शेवाळे माजते आणि पाण्याचे तापमान दिवसभर वरखाली होत राहते.

या खिडकीमागे थोडा इतिहासही आहे. घरगुती मत्स्यालयाची हौस वाढली ती एकोणिसाव्या शतकाच्या मध्यावर, इंग्लंडमध्ये. १८५३ साली लंडनच्या प्राणिसंग्रहालयात मत्स्यगृह उघडले आणि पुढच्याच वर्षी फिलिप हेन्री गॉस यांचे 'द अ‍ॅक्वेरियम' हे पुस्तक आले. त्या काळी वीज नव्हती, पंप नव्हते. पाण्यात प्राणवायू यायचा तो वनस्पतींकडून, आणि वनस्पतींना हवा सूर्यप्रकाश. त्यामुळे टाकीची जागा खिडकीत असणे ओघानेच आले, आणि शेवाळ्याशी झगडणेही. विजेचा दिवा आणि हवेचा पंप आला तेव्हा कुठे मत्स्यालय खिडकी सोडून घराच्या आतल्या भिंतीशी येऊ शकले. मुंबईत १९५१ साली मरीन ड्राइव्हवर सुरू झालेले तारापोरवाला मत्स्यालय ज्यांनी पाहिले असेल त्यांना भिंतीत बसवलेल्या त्या उजळ टाक्या आणि पाहणाऱ्याच्या बाजूचा अंधार आठवेल. उजेड टाकीत असावा, पाहणाऱ्याकडे नसावा. म्हणजे काचेत मासा दिसतो, स्वतःचा चेहरा दिसत नाही. घरातही टाकी खिडकीच्या बरोबर समोरच्या भिंतीला लावली तर काचेत दिवसभर खिडकीच दिसत राहते. आडव्या भिंतीला लावली तर ही अडचण येत नाही.

गॅलरी गेली, गॅलरीसमोरची भिंत गेली. नानांना मान डावीकडे वळवणे सोपे जाई, म्हणून उजवी बाजूही गेली. उरली ती एकच भिंत. तिच्याखालून बीम गेलेला होता, तिच्यावर ऊन येत नव्हते, आणि पलंगावरून ती सहज दिसत होती. त्या भिंतीला आमची पुस्तके होती.

दोन कपाटे, प्रत्येकी चार फूट रुंद, सहा खणांची. संसाराच्या पहिल्या वर्षापासून जमवलेली. त्यांत वरच्या दोन खणांत 'सत्यकथा'चे बांधीव अंक होते. १९८२ साली बंद पडलेल्या या मासिकाचे ते खंड आम्ही रद्दीवाल्यांकडून, निवृत्त प्राध्यापकांकडून, एकदा तर एका बंद होत असलेल्या वाचनालयाच्या पायरीवरून, एकेक करून आणलेले. टाकी आणि कपाटे शेजारी ठेवता येतील का, असे आम्ही विचारले. अभियंत्यांनी उलट विचारले, "पुस्तकांचे वजन कधी केले आहे?" केले नव्हते. मग न्हाणीघरातला वजनकाटा आणून एक फूट लांबीची ओळ त्यावर ठेवली. नऊ किलो. एका कपाटाचे दोनशेच्या वर. त्यांनी त्याच मानकातला आणखी एक आकडा सांगितला. ग्रंथालयात पुस्तकांच्या मांडण्या असलेल्या खोलीसाठी दर चौरस मीटरला किमान सहा किलोन्यूटन भार धरावा लागतो. म्हणजे सुमारे सहाशे किलो. राहत्या खोलीच्या तिप्पट. आणि दोन फूट पाण्याइतकाच.

हा योगायोग आम्हाला फार दिवस पुरला. आयुष्यभर आम्ही ज्ञानाला ओझे म्हणण्याविरुद्ध वर्गात बोलत आलो होतो, आणि इथे ओझे अक्षरशः ओझे होते, तेही पाण्याच्या भावात. शिवाय दुसरी अडचण दमटपणाची. उन्हाळ्यात एवढ्या टाकीतले पाणी आठवड्याला अर्धी-पाऊण बादली उडते. ते जाते कुठे? खोलीत. म्हणजे भिंतीत, पडद्यांत आणि चाळीस-पन्नास वर्षांपूर्वीच्या कागदात. पुस्तके आणि पाणी एका भिंतीला राहू शकत नव्हते.

यावर आमच्यात मतभेद झाला आणि तो सौम्य नव्हता. आमच्यापैकी एकाचे म्हणणे होते की लहान टाकी घेऊ, ती कपाटाशेजारी मावेल, नानांना काय फरक पडणार आहे? दुसऱ्याचे म्हणणे होते की 'काय फरक पडणार आहे' हे वाक्य या घरात नानांच्या संदर्भात एकदा उच्चारले की ते पुन्हा पुन्हा उच्चारले जाईल. आज टाकीविषयी, उद्या जेवणाविषयी, परवा औषधाविषयी. कोण काय म्हणाले हे इथे सांगण्याची गरज नाही. पुढे आजारपणाच्या काळात दोघांनीही दोन्ही बाजू आळीपाळीने घेतल्या. तेवढ्या संध्याकाळी मात्र मोठ्या टाकीचा पक्ष जिंकला. पुस्तके आतल्या दोन खोल्यांत वाटली आणि 'सत्यकथा'चे खंड आमच्यापैकी एकाच्या विभागातल्या कपाटात गेले. हे त्याग म्हणून सांगत नाही. घरात ते खंड वर्षाकाठी दोन-तीनदा उघडले जात, विभागात एम. ए.ची मुले ते आठवड्याला उघडतात आणि बोटांना धूळ लागली म्हणून तक्रार करतात.

भिंत ठरल्यावर अंतराचा प्रश्न आला. आमची समजूत होती की टाकी भिंतीला चिकटवून ठेवायची. जोडणी करायला आलेल्या माणसाने हात मध्ये घालून दाखवला. "हा आत-बाहेर झाला पाहिजे," तो म्हणाला. मागे गाळणयंत्र टांगायचे असते, नळ्या असतात, तारा असतात. तार बटणापासून सरळ टाकीत नेत नाहीत. ती आधी बटणाच्या खाली झोल देऊन मग वर घेतात, म्हणजे तारेवरून ओघळणारे पाणी झोलाच्या तळाशी गळून पडते, बटणात शिरत नाही. मागे पेन्सिल पडते, चष्म्याचे घर पडते, पाली तर मुक्कामालाच येतात. आणि भिंतीला हवा लागली नाही तर ओल धरते, रंगाला पोपडे येतात, आणि 'कुठेतरी पाणी मुरते आहे' हा वाक्प्रचार शब्दशः खरा होतो. वीतभर अंतर सोडले. समोरून पाहताना ते कळतही नाही.

आमच्या विषयात या अंतराला नाव आहे. एडवर्ड बुलो यांनी १९१२ साली 'सायकिकल डिस्टन्स' या निबंधात समुद्रावरच्या धुक्याचे उदाहरण दिले होते. प्रवासी म्हणून भ्यालेल्या माणसाला धुके संकट वाटते. तोच थोडा मागे सरला, प्रवासाची काळजी क्षणभर बाजूला ठेवली, तर ते सुंदर दिसते. आम्ही वर्षानुवर्षे हे अंतर पाहणाऱ्याच्या सोयीसाठी असते असे शिकवत आलो. आजारी माणसाची सेवा करताना मात्र कळले, की हात मध्ये घालता यावा म्हणूनही अंतर लागते. नानांच्या अगदी चिकटून बसलेल्या दिवसांत आमच्याकडून त्यांचे काही नीट झाले नाही. ना औषध वेळेवर, ना बोलणे सरळ. थोडे बाजूला बसून, पण हात पोहोचेल असे राहिले, की जमे.

बैठक सुताराकडून न घेता लोखंडी घडवून घेतली. चार पायांची नव्हे, तळाशी सलग चौकट असलेली. कारण चार पायांवर प्रत्येकी सव्वाशे किलोंच्या आसपास येतात आणि ते फरशीच्या चार बिंदूंवर पडून फरशी तडकते. पाणसळ लावली तेव्हा आमचा दिवाणखाना दाराकडे उतरता आहे हे इतक्या वर्षांनी समजले. फरशी धुताना पाणी वाहून जावे म्हणून तो मुद्दाम ठेवलेला उतार. माणसाला तो जाणवत नाही, पाण्याला जाणवतो. उतार पत्र्याच्या पट्ट्यांनी भरून काढला, बैठकीवर फळी आणि फळीवर थर्मोकोल, म्हणजे काचेला बारीक उंचवटे बोचणार नाहीत. दुकानदाराने मागे लावायला पोवळ्यांचे चित्र असलेला कागद देऊ केला. गोड्या पाण्यातल्या माशांमागे समुद्र! संगीत नाटकातल्या रंगवलेल्या पडद्यांपुढे, झोपडीतल्या प्रवेशाला राजवाडा उभा राहावा तसे ते झाले असते. आम्ही साधा काळा कागद लावला.

उंची मात्र कुठल्याही दुकानात मिळत नव्हती. तयार बैठका अडीच फुटांच्या असतात. उभ्या माणसाच्या किंवा सोफ्यावरच्या पाहुण्याच्या सोयीच्या. आम्ही पलंगावर उशीला टेकून बसलेल्या नानांच्या डोळ्यांची उंची मोजली आणि बैठक पावणेदोन फुटांची करून घेतली.

खालच्या मजल्यावरच्या गृहस्थांनी सोसायटीला पत्र दिले. आपल्या डोक्यावर साडेतीनशे लिटर पाणी आहे हे कळल्यावर दुसरे कुणी काय केले असते? पण त्या वेळी आम्हाला त्याचा राग आला, आणि त्यांनीही पुढचे काही महिने आम्हाला पाण्यात पाहिले. एकदा ते वर आले आणि विचारते झाले, "फुटली तर?" उत्तर पलंगावरून आले. "इंचभर," नाना म्हणाले. आम्हाला कळेना. त्यांनी हवेत खोलीचा आकार काढला. बारा घनफूट पाणी एकशेचाळीस चौरस फुटांवर पसरले तर एक इंच उंची होते. दिवाणखान्याचा उंबरा दीड इंचाचा आहे. गृहस्थ तेवढ्याने निश्चिंत झाले नाहीत, पण त्यांची भीती मोजता येईल एवढी झाली. अभियंत्यांच्या सल्ल्याने त्यांनी छताला पेन्सिलीने खूण करून ठेवली आणि दर महिन्याला ती तपासत. त्यांचा तो अधिकारच होता.

पाणी भरल्यावर लगेच मासे सोडले नाहीत. माशांच्या विष्ठेतून निघणारा अमोनिया पचवणारे जिवाणू खडीत आणि गाळणीत वाढायला चार-सहा आठवडे लागतात. अमोनियाचे नायट्राइट, नायट्राइटचे नायट्रेट. हे चक्र बसले की मग मासे. तेवढे दिवस नाना रिकाम्या पाण्याकडे पाहत बसले आणि कधी कंटाळले नाहीत. मासे आल्यावर नावे ठेवण्याची हौस आम्ही करून पाहिली. त्यांनी ती मोडून काढली. त्यांनी माशांना क्रमांक दिले आणि ते कालव्याच्या चाऱ्यांचे दिले. "चारी नंबर तीन आज सुस्त." "पाचला जास्त जातंय, दोन उपाशी." दोन महिन्यांनी ही वाक्ये लांबली. एका सकाळी त्यांनी चारी नंबर चारवरच्या एका बागायतदाराची पूर्ण हकीकत सांगितली. ऊस, भांडण, रात्रीची पाळी, सगळे. माणसाचे नाव त्यात नव्हते, आमची नावेही पुढे आली नाहीत. आम्हाला ते 'हे' आणि 'हे' म्हणत आणि कुठला 'हे' कोण ते स्वरावरून ओळखता येई. नामांवाचून माणूस किती बोलू शकतो, हे व्याकरण शिकवणाऱ्या आम्हा दोघांना ठाऊक नव्हते.

नाना २०२४ च्या जानेवारीत गेले. पलंग महिन्याभरात हलवला. पुस्तके परत आणता येतील, असे आमच्यापैकी एकाने सुचवले. दुसऱ्याने नाही म्हटले नाही. आणि तरीही ते झालेले नाही. टाकी तिथेच आहे, मासे पाच आहेत. खालचे गृहस्थ अजून खूण तपासतात आणि जिन्यात भेटले की 'मासे कसे आहेत' असे विचारतात. बैठक उंच करून घ्या, असे बरेच जण सुचवतात. कारण आता त्या उंचीवरून पाहणारे घरात कुणी नाही. आलेला पाहुणा उभ्याने पाहू लागला तर त्याला फक्त पाण्याचा पृष्ठभाग आणि झाकणाची कड दिसते. मग तो कमरेत वाकतो, गुडघ्यावर हात ठेवतो, आणि थोड्या वेळाने निमूटपणे फरशीवर बसतो.